सूचनाफलकाची भाषा

भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात १०८ क्रमांकाचे एक साधे कलम होते. कारखान्यात लावायची प्रत्येक सूचना इंग्रजीत आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असली पाहिजे, असे ते सांगत असे. यानंतर ३६ वर्षांनी भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो माणसे मारली. तेव्हा चौकशीला गेलेल्या पत्रकारांना दिसले की कारखान्यातील कार्यपद्धतीच्या आणि सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि त्या हाताळणारे अनेक कामगार फक्त हिंदी जाणत होते. कायदा होता, फलकही होता. त्या दोहोंमध्ये उभ्या असलेल्या माणसापर्यंत मात्र मजकूर पोहोचला नव्हता.

औद्योगिक अपघातांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता व्हॉल्व्ह गळला, कोणती टाकी फुटली, कोणते उपकरण बंद होते, असा. या लेखात तोच इतिहास दुसऱ्या बाजूने पाहायचा आहे. घातक पदार्थाविषयीचे ज्ञान कोणाकडे होते, ते कोणापर्यंत गेले नाही आणि का गेले नाही? ज्याला आपण आज ‘सुरक्षा प्रशिक्षण’ म्हणतो आणि जे अनेक ठिकाणी हजेरीपटावरील सही आणि चहा-बिस्किटांवर आटोपते, ते मुळात कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात यायला किती काळ आणि किती जीव लागले, हा या शोधाचा विषय आहे.

बंदीचा काळ

कामाचा आणि आजाराचा संबंध पद्धतशीरपणे मांडण्याचा मान इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याकडे जातो. त्याचा कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एक जोडावा, ‘तू काम काय करतोस?’, असा त्याचा आग्रह होता. मुलामा देणारे, कुंभार, रंगारी, शौचकूप उपसणारे अशा कितीतरी धंद्यांची त्याने नोंद केली. पण त्याचा वाचक वैद्य होता, कारागीर नव्हे. धोक्याचे ज्ञान ग्रंथात गेले. कारागीर होता तिथेच राहिला.

एकोणिसाव्या शतकात हाच प्रकार आगकाड्यांच्या धंद्यात दिसतो. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचे दात जात, जबड्याचे हाड कुजे. हे डॉक्टरांना त्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होते. तांबड्या फॉस्फरसची सुरक्षित काडीही निघाली होती. पण पांढरा फॉस्फरस स्वस्त पडे. १८८८ मध्ये लंडनमधील आगकाडी कारखान्यातील मुलींनी आणि स्त्रियांनी संप केला, तेव्हा हा प्रश्न लोकांपुढे आला. १९०६ साली बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार होऊन पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आणण्याचे ठरले. भारतातही १९१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पदार्थच काढून टाकला की कामगाराला काही शिकवण्याची गरज उरत नाही, आणि धोका टाळण्याचा तो आजही सर्वोत्तम मार्ग मानला जातो. मात्र विसाव्या शतकातील रसायन उद्योगाने हा मार्ग बऱ्याच ठिकाणी बंद करून टाकला. क्लोरीन, फॉस्जीन, अमोनिया, ओलियम हे पदार्थ या उद्योगाचा कच्चा माल किंवा मधला टप्पा आहेत. ते राहणारच, असे धरले गेले. पदार्थ राहणार म्हटल्यावर बचावाची बरीचशी भिस्त दोन गोष्टींवर येते : यंत्रणा चोख असणे आणि ती चालवणाऱ्याला सगळे ठाऊक असणे. यंत्रणेवर खर्च केला तर तो निदान डोळ्यांना दिसतो. ठाऊक असण्यावरचा खर्च दिसत नाही. म्हणून काटकसर करायची वेळ आली की कात्री आधी तिथे लागते.

मुंबई, १४ एप्रिल १९४४

आपल्याकडे ‘माहिती न पोहोचणे’ म्हणजे काय याचा सर्वांत भीषण धडा मुंबई बंदराने दिला. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडहून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, सोन्याच्या विटाही होत्या. कराचीला त्यावर कापसाच्या हजारो गाठी आणि तेलाची पिंपे चढली. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. कापूस आणि स्फोटके यांची जोडी धोक्याची, हे गोदीच्या धंद्यात कोणालाही कळण्यासारखे होते. पण युद्धकाळ होता आणि जहाजांची टंचाई होती. स्फोटके असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावायचे असते. ते लावलेले नव्हते.

१४ तारखेला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर माथाडी कामावर आले, तेव्हा खालच्या फळीतून धूर येताना दिसला. अग्निशमन दलाचे बंब आले. आगीचे नेमके ठिकाण सापडेना. शेकडो टन पाणी आत ओतले गेले. जहाजात काय आहे हे काही अधिकाऱ्यांना माहीत होते. जहाज बुडवावे की समुद्रात न्यावे की आग विझवावी, याचा निर्णय एका हातात नव्हता. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृत्यूंचे आकडे सुमारे ८०० पासून १,३०० पर्यंत दिले जातात. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो या जवानांच्या स्मरणार्थ.

या घटनेत वायू नव्हता, रासायनिक कारखाना नव्हता. तरी पुढच्या प्रत्येक रासायनिक अपघाताचा आराखडा तिच्यात आहे. मालाची यादी कागदावर होती. ती वाचू शकणारी माणसे होती. गाठी उचलणारा माथाडी आणि पाण्याची नळी धरणारा जवान मात्र त्या यादीच्या बाहेर होते. तांबडे निशाण ही निरक्षरालाही वाचता येणारी सूचना होती. तेवढेच नेमके फडकले नाही.

संस्था उभ्या राहिल्या

स्वातंत्र्यानंतर या बाबतीत काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या अधिनियमात धोकादायक वायूंविषयी कलम ३६ आले. ज्या टाकीत, खड्ड्यात किंवा नळात घातक वायू असण्याचा संभव आहे, तिथे माणसाने पुरेशा खबरदारीशिवाय उतरू नये, असे ते सांगत असे. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली आणि कारखान्यांतील आरोग्य-सुरक्षेचे अभ्यासक्रम तिथे सुरू झाले. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचेही मुख्यालय मुंबईत होते. पुढे ते नवी मुंबईला गेले. ४ मार्च हा आज राष्ट्रीय सुरक्षा दिन आहे. म्हणजे चेंबूर-तुर्भे परिसरात आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहत होते, त्याच काळात सुरक्षा शिकवणाऱ्या संस्थाही याच महानगरात रुजत होत्या.

या संस्थांतून शिकून बाहेर पडणारे मुख्यतः अधिकारी होते : सुरक्षा अधिकारी, व्यवस्थापक, निरीक्षक. त्यांनी पुढे कामगारांना शिकवावे, अशी अपेक्षा. पण तसे झाले नाही तर कामगाराने काय करावे, याचे उत्तर त्या वेळच्या कायद्यात नव्हते. शिकवणे हे मालकाचे सौजन्य होते. कामगाराचा तो हक्क नव्हता.

भोपाळ : पाठांतर आणि कपात

युनियन कार्बाइडचा भोपाळचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, तिथेच तयार करण्याचा विभाग १९८० मध्ये आला. हा पदार्थ ३९ अंश सेल्सियसला उकळतो आणि पाण्याशी संयोग होताच प्रचंड उष्णता निर्माण करतो. म्हणून तो थंड ठेवायचा असतो. सुरुवातीला या विभागात विज्ञान पदवीधर किंवा तंत्रशिक्षित मुलांना घेऊन महिनोन्‌महिने शिकवले जाई. मग कीटकनाशकाचा खप पडला, तोटा वाढला आणि कपात सुरू झाली. एका पाळीतील एमआयसी विभागाच्या चालकांची संख्या १२ वरून ६ वर आली. सुरक्षा प्रशिक्षणाचा काळ सहा महिन्यांवरून १५ दिवसांवर आणला गेला, असे तिथल्या कामगारांनी नंतर नोंदवले आहे. अपघाताच्या थोडेच दिवस आधी रात्रपाळीतील देखभाल पर्यवेक्षकाचे पदही काढून टाकण्यात आले.

इशारे नव्हते असे नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला. १९८२ मध्ये कामगार संघटनेने जवळच्या वस्तीत धोक्याची पत्रके चिकटवली. राजकुमार केसवानी या पत्रकाराने त्याच वर्षी ‘रपट’ या आपल्या लहानशा साप्ताहिकात शहराला सावध करणारे लेख छापले. मे १९८२ मध्ये खुद्द अमेरिकेतील मूळ कंपनीच्या पथकाने कारखान्याची तपासणी केली. या पथकाच्या अहवालात गळक्या व्हॉल्व्हबरोबर एक निरीक्षण होते, ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते. कामगार कार्यपद्धती पाठ करतात. पण त्या पद्धतीमागचे कारण त्यांना पुरेसे समजलेले नसते, असे पथकाला आढळले.

पाठ असणे आणि समजणे यांत फरक काय पडतो? शाळेत सर्वांनी पाठ केलेला नियम घ्या : आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे. ज्याला हा नियम फक्त पाठ आहे, तो आम्लाचे रिकामे पिंप पाण्याने विसळताना बिनधास्त राहील, कारण ‘पिंप’ हा शब्द नियमात नाही. पाणी मिळताच उष्णता होते आणि थोडे पाणी असेल तर ते उकळून आम्लासकट उडते, हे कारण ज्याला समजले आहे, तो तळाशी उरलेले पेलाभर आम्ल पाहूनही थांबेल. दुसरे उदाहरण हायड्रोजन सल्फाइडचे. सडक्या अंड्यासारख्या वासावरून तो ओळखावा, असे शिकवले जाते. पण प्रमाण वाढले की हाच वायू नाकाची वास घेण्याची शक्ती मारून टाकतो. अर्धेच शिकलेला माणूस ‘वास गेला’ म्हणून टाकीत उतरतो. तो पडलेला पाहून दुसरा उतरतो, मग तिसरा. असे अपघात आपल्याकडे वर्षानुवर्षे घडत आले आहेत आणि त्यांत वाचवायला गेलेले हटकून असतात.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये हेच अर्धवट ज्ञान पावलोपावली आडवे आले. नळ पाण्याने धुण्याचे काम चालू होते. नळात पाणी अडवणारी चकती बसवलेली नव्हती. ते धुणाऱ्या कामगाराने पुढे पत्रकारांना सांगितले, की व्हॉल्व्ह गळतात हे त्याला ठाऊक होते, पण तो तपासणे हे त्याचे काम नव्हते. टाकीत पाणी कसे शिरले यावर वाद आहे. कंपनीने घातपाताचा दावा केला, कामगारांनी या धुण्याकडे बोट दाखवले. मात्र ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी गेले आणि सुमारे ४० टन वायू बाहेर पडला, यावर वाद नाही. त्या टाकीचा दाब साडेदहाच्या आत २ होता, अकरा वाजता १० झाला. मधल्या काळात पाळी बदलली होती. नव्या पाळीला १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेतला वाटला. तो काही मिनिटांत पाचपट झाला आहे, हे सांगायला कोणी नव्हते. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले. पण डोळे चुरचुरणे त्या विभागात रोजचेच झाले होते. गळतीचे चहानंतर पाहू, असे ठरले. तोवर फार उशीर झाला होता. शीतकरण यंत्रणा जूनपासूनच बंद होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता.

भिंतीबाहेरच्या लोकांना तर या वायूचे नावही माहीत नव्हते. भोंगा वाजला तो थोडा वेळ आणि मग बंद झाला. पूर्ण भोंगा पुन्हा सुरू झाला तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते. लोक पळत सुटले आणि पळताना अधिक वायू छातीत ओढत गेले. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याला आडवे चाला, या दोन वाक्यांनी त्या रात्री अनेकांचे प्राण वाचले असते. ही वाक्ये शिकवायला पाच मिनिटे लागतात. ती शिकवायची म्हणजे ‘आमच्या कारखान्यातून असे काही बाहेर पडू शकते’ हे कबूल करावे लागते. प्रशिक्षण टाळण्यामागे पैशांइतकेच हेही कारण असते.

एक विसंगती इथे नोंदवली पाहिजे. कामगाराला तो हाताळत असलेल्या रसायनाची लेबल, माहितीपत्रक आणि प्रशिक्षण यांद्वारे माहिती देणे बंधनकारक करणारा नियम अमेरिकेने नोव्हेंबर १९८३ मध्येच प्रसिद्ध केला होता. म्हणजे भोपाळच्या जेमतेम एक वर्ष आधी.

दर सहा आठवड्यांनी

भोपाळनंतर बरोबर एक वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आधीच होती. या खटल्यातील ‘संपूर्ण उत्तरदायित्वा’चे तत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. फेब्रुवारी १९८६ मध्ये कारखान्याचा क्लोरीन विभाग पुन्हा सुरू करू देताना न्यायालयाने ज्या अटी घातल्या, त्यांच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. आपल्या विषयासाठी त्या अधिक मोलाच्या आहेत.

प्रत्येक सुरक्षा उपकरणासाठी एक विशिष्ट माणूस जबाबदार असावा. कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती असावी. क्लोरीनचा शरीरावर काय परिणाम होतो आणि तातडीने काय उपचार करावा, याचे तक्ते प्रत्येक विभागात इंग्रजी आणि हिंदीत लावावेत. प्रत्येक कामगाराला तो चालवत असलेल्या यंत्राचे आणि गळती झाल्यास करायच्या गोष्टींचे शिक्षण द्यावे, तेही दृक्‌श्राव्य साधनांनी. उजळणीचे वर्ग निदान दर सहा आठवड्यांनी घ्यावेत आणि त्यांत प्रत्यक्ष सराव असावा. आसपासच्या लोकांना सावध करायला ध्वनिक्षेपक बसवावेत. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तक्त्याची भाषा आणि वर्गाची वारंवारता ठरवून द्यावी लागली, यावरून कलम १०८ चे चार दशकांत काय झाले होते हे कळते.

१९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. अशा २९ प्रकारच्या उद्योगांची यादी जोडली गेली. धोक्याची आणि त्यावरच्या उपायांची माहिती कामगारांना, निरीक्षकांना आणि आसपासच्या जनतेला देणे भोगवटादारावर बंधनकारक झाले. आणीबाणीचा आराखडा सक्तीचा झाला. कलम ४१-एच ने नजीकचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला दिला. कलम १११-ए तर आपल्या शोधाचे मुक्कामाचे ठाणे म्हणावे लागेल. सुरक्षेची माहिती मागणे, कारखान्यात प्रशिक्षण मिळवणे किंवा मान्यताप्राप्त संस्थेत त्यासाठी पाठवण्याची मागणी करणे, हा कामगाराचा हक्क असल्याचे त्यात लिहिले गेले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी रसायनाच्या माहितीपत्रकाचा नमुनाही ठरवून दिला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही धोकादायक प्रक्रियांच्या तरतुदी कायम आहेत.

रामाझिनीच्या ग्रंथापासून कलम १११-ए पर्यंत २८७ वर्षे होतात.

‘बहुसंख्य’ म्हणजे कोण?

इथे हा इतिहास संपला असता तर बरे झाले असते. महाराष्ट्रात डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा शेजारच्या वस्तीच्या काचा फुटल्या आणि आपल्या शेजारी काय साठवले जाते, हा प्रश्न रहिवाशांनी स्फोटानंतर विचारला.

आज माहितीची टंचाई नाही. प्रत्येक रसायनाचे सोळा भागांचे माहितीपत्रक मिळते. ड्रमवर तांबड्या चौकटीत कवटी, ज्वाळा, कुरतडलेला हात अशी जगभर एकसारखी चित्रे असतात. मात्र माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते आणि कार्यालयाच्या फाइलीत असते. ड्रम हलवणारा हेल्पर ठेकेदाराचा असतो. तो बिहार, ओडिशा किंवा झारखंडातून आलेला असतो आणि वर्षभरात दुसरीकडे गेलेला असतो. कलम १०८ मधील ‘बहुसंख्य कामगारांची भाषा’ ही कल्पना अशा कारखान्यात कशी लावायची? पटावरचे कायम कामगार मराठी. म्हणून फलक मराठीत. टाकीत उतरणारे चौघे मात्र मराठी न वाचणारे. कायद्याचे पालन झाले, पण धोका ज्यांना आहे तेच पुन्हा यादीबाहेर राहिले.

म्हणून प्रशिक्षणाची खरी कसोटी फलकावर किंवा हजेरीपटावर होत नाही. ती साध्या प्रश्नांवर होते. या पिंपात काय आहे? ते अंगावर उडाले तर पहिल्या मिनिटात काय करशील? पाण्याचा शॉवर कुठे आहे? वारा आत्ता कुठून वाहतो आहे? तुझा जोडीदार टाकीत पडला तर तू आत उतरशील का, आणि नाही तर का नाही? पाळीतल्या सर्वांत नव्या माणसाने त्याच्या भाषेत ही उत्तरे कारणासह दिली, तर तिथे प्रशिक्षण झाले आहे. शेवटच्या ‘का नाही?’पाशी तो अडला, तर १९८२ च्या त्या तपासणी पथकाला जे दिसले होते, तेच आजही तिथे आहे.

भोपाळच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला, पीथमपूरला हलवण्यात आला. बारा बंद कंटेनर, सोबत पोलीस आणि रुग्णवाहिका, अंगभर संरक्षक पोशाख घातलेले कामगार. कचरा भरणाऱ्यांना ठरावीक वेळाने विश्रांती दिली जात होती. घातक पदार्थ कसा हाताळावा हे आपल्या व्यवस्थेला उत्तम ठाऊक आहे, याचा तो पुरावा होता. ते ज्ञान एरवीच्या एखाद्या साध्या मंगळवारी, रात्रपाळीच्या हेल्परपर्यंत पोहोचवणे एवढेच काम अजून बाकी आहे.